मोटारींच्या किटची कुळकथा

चाळिशी उलटली, मुलं हाताशी आली, की काही माणसं शाळेतला एखादा छंद पुन्हा उकरून काढतात. प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून, रंगवून छोट्या मोटारी उभ्या करणाऱ्यांत तर अशा परतलेल्यांचाच भरणा असतो, विशेषतः अमेरिकेत. कॉलेज, नोकरी, लग्न या क्रमात किट माळ्यावर जातं आणि पंचवीस-तीस वर्षांनी गृहस्थ पुन्हा दुकानात उभा राहतो. लहानपणीचं एखादं खोकं जसंच्या तसं मिळतं. दुसरं, ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते, कुठेच मिळत नाही. याचं कारण या वस्तूच्या कुळात आहे, आणि हे कूळ खेळण्यांचं नाही. ते मोटारविक्रीचं आहे.

डेट्रॉइट परिसरात वेस्ट गॅलॉगली नावाचे एक वकील होते. त्यांनी 1948 साली जोडधंदा म्हणून ‘अॅल्युमिनम मॉडेल टॉइज’ ही कंपनी काढली. पहिला नमुना फोर्डच्या चार दरवाजांच्या सेडानचा. तो अॅल्युमिनिअममध्ये ओतलेला होता आणि त्यावर रंगही फोर्डचाच अधिकृत. गिऱ्हाईक होते मोटारींचे विक्रेते. नवी गाडी कशी दिसते, कोणत्या रंगात येते, हे टेबलावर ठेवून दाखवायचं आणि बापाबरोबर शोरूममध्ये आलेल्या पोराच्या हातात एखादी द्यायची. घरी गेल्यावर पोरगं रोज त्याच गाडीचं नाव घेणार, हा हिशेब. लवकरच अॅल्युमिनिअम जाऊन प्लॅस्टिक आलं आणि कंपनीच्या नावाची तीन अक्षरं तेवढी उरली: एएमटी.

हा योगायोग म्हणावा, तर इंग्लंडमध्येही तेच घडलं. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांची एअरफिक्स कंपनी फुगवायची रबरी खेळणी आणि कंगवे बनवत असे. 1949 मध्ये तिच्याकडे फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नमुन्याचं काम आलं, विक्री प्रतिनिधींना बरोबर नेण्यासाठी. ट्रॅक्टर जोडायला किचकट होता. पुढे तो सुट्या भागांतच वूलवर्थच्या दुकानांत विकला जाऊ लागला. कारखान्याची डोकेदुखी गिऱ्हाइकाच्या माथी मारली आणि गिऱ्हाईक त्यातच रमलं! प्लॅस्टिकची जोडायची विमानं फ्रॉग या इंग्लिश कंपनीने 1936 मध्येच आणली होती, हे खरं. मोटारींचा वंश मात्र विक्रेत्याच्या बॅगेतून निघाला.

त्याआधी हौशी मुलं काय करत? लाकूड कोरत. तिथेही मोटारवाले होतेच. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने 1930 पासून मुलांसाठी स्पर्धा घेतली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती करायची, नंतर स्वतः कल्पिलेल्या मोटारीची. बक्षीस म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळे. 1947 चा विजेता चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. ही जाहिरातच होती, पण इतकी फळलेली जाहिरात विरळा. 1968 मध्ये स्पर्धा बंद झाली; तोवर लाकडाची जागा प्लॅस्टिकने घेतली होती.

प्लॅस्टिक स्वस्त झालं ते युद्धामुळे. 1942 मध्ये जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे काबीज केले, तेव्हा अमेरिकेने ब्युटाडाइन आणि स्टायरीन यांपासून कृत्रिम रबर बनवण्याचे अवाढव्य कारखाने उभारले. युद्ध संपल्यावर स्टायरीन मुबलक उरलं आणि पॉलिस्टायरीन खेळण्यांत उतरलं. सुरुवातीचे शोरूमचे नमुने सेल्युलोज अॅसिटेटचे होते. ते काही वर्षांत वाकत. आज संग्राहकांकडे धनुष्यासारख्या कण्याच्या गाड्या दिसतात. पॉलिस्टायरीन आकार धरून राहतं. शिवाय योग्य द्रावकाने ते विरघळतं, म्हणजे दोन भाग नुसते चिकटत नाहीत, एकजीव होतात. हा गुण नसता तर किटचा छंद इतका फोफावला नसता.

त्या द्रावकाचीही एक गोष्ट आहे. साठच्या दशकात अमेरिकेत मुलं नशेसाठी ट्यूबमधला ग्लू हुंगू लागली. गावोगावी विक्रीवर बंधनं आली. टेस्टर कंपनीने 1969 मध्ये ग्लूमध्ये मोहरीच्या तेलातला झणका घातला. नाकाशी नेला की डोळ्यांतून पाणी!

किटचा खरा जन्म 1958 चा. एएमटीने शोरूमच्या नमुन्याचे साचे वापरून त्या वर्षीच्या गाड्या सुट्या भागांत विकायला काढल्या, ‘थ्री इन वन’ म्हणून. एकाच खोक्यातून तीन प्रकारची गाडी करता येई: कारखान्यातून निघते तशी, सजवलेली किंवा शर्यतीची. बापाची गाडी जशी आहे तशी ठेवायची की तिचं छप्पर उतरवून मोठं इंजिन बसवायचं, हे आता बारा वर्षांचा पोरगा ठरवू लागला. माझ्या मते छंद तिथे सुरू झाला. तोवर होती ती भेटवस्तू.

मापही शोरूमचंच राहिलं, एकास पंचवीस. पाच मीटरची गाडी वीस सेंटिमीटरची होते. फूट-इंचवाल्यांचं माप एकास चोवीस, म्हणजे फुटाला अर्धा इंच. म्हणून आजही फळीवर ही दोन जवळजवळ सारखी मापं शेजारी नांदतात आणि परतलेल्या माणसाला बुचकळ्यात टाकतात.

जपानच्या तामियाने उलट वाट धरली. शिझुओकातली ही मंडळी मूळची लाकूडवाली. पोर्शे 934 चं एकास बारा मापाचं किट 1976 मध्ये काढण्याआधी शुनसाकू तामियांनी खरी पोर्शे 911 विकत घेतली आणि तिचा स्क्रू न् स्क्रू खोलून पाहिला. इथे नमुन्यासाठी गाडी विकत घेतली गेली.

आता न मिळणाऱ्या खोक्याकडे येऊ. भोसरीत किंवा वसईत प्लॅस्टिकचा मोल्डिंग कारखाना पाहिलेल्याला सांगायला नको की खर्च प्लॅस्टिकचा नसतो, पोलादी साच्याचा असतो. डेट्रॉइटच्या गाड्या दरवर्षी तोंडवळा बदलत, म्हणून किटवाले नवा साचा न करता जुनाच कोरून-भरून पुढच्या सालाचा करत. 1962 ची गाडी अशी 1963 च्या गाडीत गडप होई. सत्तरच्या दशकात तर जुन्या साच्यांच्या चाकांवरच्या कमानी कापून त्यांतून मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाड्या काढल्या. पुढे कंपन्या हात बदलत गेल्या. एएमटी 1978 मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नीकडे गेली, मग अर्टलकडे, आणि आता ती इंडियानातल्या राउंड टू या कंपनीकडे आहे. जे साचे फेरफारातून वाचले, तेच पुन्हा छापले जातात. अलीकडे जुन्या किटांच्या भागांवरून नवे साचेही घडवले जातात, कारण गिऱ्हाईक आता मुलगा राहिलेला नाही. पैसे मोजणारा, पन्नाशीतला माणूस आहे.

तेव्हा तुम्हीही या वाटेला पुन्हा लागणार असाल, तर खोक्यावरच्या देखण्या चित्रावर भाळू नका. साचा कोणत्या सालचा, हे विचारा. जुन्या साच्यातून भागांच्या कडांना पातळ पापुद्रे येतात, दरवाजे नीट बसत नाहीत आणि कानशीने घासण्यातच निम्मे रविवार जातात. पहिली गाडी नव्या साच्याची घ्या, हात बसू द्या. लहानपणची राहून गेलेली गाडी दुसरी करा.