सुईणींच्या वह्यांपासून पुण्यापर्यंत

१९११ साली इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली सुईणी व आरोग्यसेविका बाळांचे जन्मतःचे आणि वर्षानंतरचे वजन वहीत नोंदवू लागल्या. पुढे डेव्हिड बार्कर यांच्या गटाने त्याच वह्यांतील ५६५४ पुरुषांचा माग काढला. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बाळपणी वजन कमी असणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू अधिक. पण हा परिणाम गर्भातील कुपोषणाचा की नंतरच्या गरिबीचा? केवळ वह्यांवरून ते ठरेना.

त्यासाठी गर्भधारणेपूर्वीपासून आईचीच मापे घ्यायला हवी होती. १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत ते काम हाती घेतले. आयांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, बाळांचे सुमारे २.७ किलो. बाळे हडकुळी, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती! पाणी भरणे, शेतीची कामे ज्यांना अधिक, त्यांची बाळे आणखी लहान. पोटभर जेवणाऱ्या निरोगी गर्भवतीला माफक व्यायाम हितकारक असतो. अर्धपोटी उपसलेले कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे.

आपल्या वर्गातील मुलींची वजने आपण नोंदवतोच. त्यांतील कमी वजनाच्या मुलींकडे आपण लक्ष द्यायचे ते आजच. त्या आई होईपर्यंत थांबून चालणार नाही.