व्याख्यानमाला म्हणजे काय? दीडशे वर्षांची परंपरा, तिच्यातले वाद आणि श्रोता म्हणून जाताना माहीत असाव्यात अशा गोष्टी

एप्रिल संपत आला की पुण्या-नाशिकपासून तालुक्याच्या गावांपर्यंत ठिकठिकाणी फलक लागतात. वक्त्यांची नावं, विषय, वेळ आणि शेवटी एक ओळ : 'प्रवेश विनामूल्य, सर्वांना खुला.' कुणी इतिहासावर बोलणार असतं, कुणी चित्रकलेवर, कुणी गाण्यावर. तिकीट नाही, नाव नोंदवायचं नाही. जाऊन बसायचं आणि ऐकायचं.

हल्ली यातली बरीच भाषणं मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहिली जातात. पण ही पद्धत आली कुठून, 'सर्वांना खुला' या शब्दांवरून महाराष्ट्रात किती वाद झाले आणि आज एखाद्या कार्यक्रमाला जायचं तर काय माहीत असावं, हे समजून घेऊ.

सुरुवात कधी झाली?

महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध व्याख्यानमाला म्हणजे पुण्याची वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ती १८७५ साली सुरू केली. रानडे तेव्हा पुण्यात न्यायाधीश होते. पुणे सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली होती, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये निघाली होती. शहरात चर्चेला तोंड फुटलं होतं, पण छापलेलं वाचू शकणारे लोक थोडे होते. जे वाचू शकत नाहीत त्यांनाही ऐकता येईल, असा हा मार्ग होता.

वक्तृत्वोत्तेजक सभा ही संस्था ही व्याख्यानमाला भरवते. एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होऊन साधारण महिनाभर, टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात रोज संध्याकाळी व्याख्यान होतं. २०२५ मध्ये या परंपरेला दीडशे वर्षं झाली. नाशिकमध्ये गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते. तिथं सभागृह नाही. नदीकाठ, उघडं आकाश आणि समोर खुर्च्या.

एकत्र बसून तासन् तास ऐकण्याची सवय मात्र मराठी माणसाला त्याआधीपासून होती. ती कीर्तनानं लावली. पूर्वरंगात बुवा एक तत्त्व मांडतात, उत्तररंगात आख्यानातून ते पटवून देतात. अनेक चांगले मराठी वक्ते आजही नकळत याच वाटेनं जातात. फरक एकच : कीर्तनात बुवांना उलट प्रश्न विचारायचा नसतो, व्याख्यानात विचारता येतो.

पहिलंच वर्ष इतकं वादळी का ठरलं?

१८७५ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आणखी एक व्याख्यानांची मालिका पुण्यात गाजली. आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद सरस्वती रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या निमंत्रणावरून शहरात आले. त्यांची पंधरा व्याख्यानं पुढं छापली गेली. मूर्तिपूजेला त्यांचा विरोध होता, त्यामुळे सनातनी मंडळी खवळली. सप्टेंबरमध्ये त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी 'गर्दभानंदा'ची मिरवणूक काढून टर उडवली आणि दंगा झाला. त्या दिवशी दयानंदांच्या संरक्षणासाठी महात्मा जोतीराव फुले आपल्या सहकाऱ्यांसह मिरवणुकीत सामील झाले होते. दयानंदांचं सगळं म्हणणं फुल्यांना मान्य नव्हतं. तरी माणसाला बोलू दिलं पाहिजे, या बाजूनं ते उभे राहिले.

'सर्वांना खुला' म्हणजे नेमकं कोणाला?

या प्रश्नाचं सर्वांत धारदार उत्तरही फुल्यांनीच दिलं.

रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं १८७८ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांचं संमेलन भरलं. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात तिथून धरतात. १८८५ मध्ये दुसरं संमेलन भरलं, तेव्हा फुल्यांनाही बोलावणं गेलं. त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून हक्कच नाहीत, त्यांच्या सभेत आमचं काय काम, असा त्या पत्राचा रोख होता. निमंत्रण मिळालं म्हणजे दार उघडलं असं होत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

स्त्रियांसाठीही हे दार सहज उघडलं नाही. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला आणि बायका सभेला जाऊ लागल्या. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, सभेला गेल्यावर घरातल्या बायकांची बोलणी कशी खावी लागत, हे लिहून ठेवलं आहे. नवरा सुधारक आणि नामवंत, तरी श्रोत्यांत जाऊन बसण्यासाठी घरात झगडावं लागलं.

ज्यांना जुन्या मांडवात जागा मिळाली नाही, त्यांनी पुढं आपले मांडव घातले. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केलं. १९९९ मध्ये धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं. आदिवासी, मुस्लिम मराठी, ग्रामीण अशी अनेक संमेलनं आज होतात. त्यामुळे एखाद्या शहरातला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे एकच सभागृह, असं चित्र महाराष्ट्रात कधीच पूर्ण खरं नव्हतं.

व्याख्यानानं खरंच काही बदलतं का?

दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

१८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्यात गोखले स्मारक सभागृहात बोलले. ते भाषण 'रानडे, गांधी आणि जीना' या नावानं पुस्तक म्हणून निघालं आणि विभूतिपूजेवरच्या टीकेसाठी आजही वाचलं जातं. ज्यांच्या जयंतीला आपण आलो त्यांची नुसती आरती करायची नाही, त्यांना तपासायचं, हा धडा त्या व्याख्यानानं घालून दिला.

दुसरं कराडचं. १९७५ च्या डिसेंबरमध्ये, आणीबाणी चालू असताना, तिथं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्रात मंत्री होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप होती. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. पुढं त्यांना अटकही झाली. जे छापणं अवघड होतं ते हजारो लोकांसमोर बोललं गेलं, आणि ऐकणारे ते घेऊन आपापल्या गावी गेले.

कार्यक्रमांचे प्रकार कोणते?

फलकावरच्या शब्दावरून आत काय असेल याचा अंदाज येतो.

- व्याख्यान : एक वक्ता, एक विषय, साधारण तास-दीड तास. कधी शेवटी प्रश्नोत्तरं.
- परिसंवाद : एका विषयावर तीन-चार वक्ते आणि एक अध्यक्ष. मतभेद ऐकायचे असतील तर हा प्रकार चांगला.
- प्रकट मुलाखत : लेखक, नट, गायक किंवा चित्रकाराशी लोकांसमोर गप्पा. मुलाखतकाराचा अभ्यास किती, यावर रंगत ठरते.
- काव्यवाचन आणि कविसंमेलन : १९२३ च्या सुमारास पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता लोकांसमोर गाऊन दाखवण्याची प्रथा लोकप्रिय केली. पुढं विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगाव एकत्र काव्यवाचनं केली. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी बा. भ. बोरकरांच्या कवितांचं वाचन केलं.
- अभिवाचन : कथा, पत्रं, नाटक किंवा कादंबरीतला भाग आवाजातून उभा करणं. नेपथ्य नाही, पाठांतर नाही, हातात संहिता असते.
- सप्रयोग व्याख्यान : गायक रागाबद्दल बोलता बोलता गाऊन दाखवतो, चित्रकार समोर चित्र काढतो. शास्त्रीय संगीत समजत नाही म्हणून मैफलीला जायला बिचकणाऱ्यांसाठी ही सर्वांत सोपी पायरी.

कुठं कळतं आणि कुठं जायचं?

वर्तमानपत्रांच्या शहर पुरवणीतलं 'आजचे कार्यक्रम' हे छोटं सदर अजूनही उपयोगी आहे. जुन्या ग्रंथालयांच्या फलकावरही माहिती असते : ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आहे. मुंबईतलाच काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून होतो आणि त्याला तिकीट नसतं. गोव्यात पणजीला २००८ पासून दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावानं विचार महोत्सव भरवला जातो. महाराष्ट्राबाहेर दिल्लीत फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८वं साहित्य संमेलन झालं. परदेशात लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, तर उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं दर दोन वर्षांनी होतात.

निमंत्रणावरची शेवटची ओळ नीट वाचावी. 'प्रवेशिका आवश्यक' म्हणजे पास आधी आणावा लागतो, तो बहुतेक वेळा फुकट असतो. 'काही जागा राखीव' म्हणजे पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी. 'निमंत्रितांसाठी' लिहिलं असेल तर आयोजकांना फोन करून विचारावं.

नव्या श्रोत्यानं काय लक्षात ठेवावं?

पत्रिकेवर सहाची वेळ असली तरी दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि वक्त्याचा परिचय यांत अर्धा तास जाऊ शकतो. तरी वेळेवर गेलेलं बरं. लवकर निघावं लागणार असेल तर कडेची खुर्ची धरावी. विषयाची थोडी ओळख करून गेलं तर दुप्पट हाती लागतं. मुलाखत एखाद्या कवीची असेल तर त्याच्या चार कविता आदल्या रात्री वाचाव्यात.

प्रश्नोत्तरांत सर्वांत जास्त तक्रार होते ती प्रश्नाच्या नावाखाली दुसरं भाषण करणाऱ्यांची. प्रश्न एका वाक्यात मावत नसेल तर तो अजून तयार झालेला नाही, असं समजावं. बऱ्याच ठिकाणी प्रश्न चिठ्ठीवर मागवतात. उभं राहून बोलायला संकोच वाटणाऱ्यांसाठी ती उत्तम सोय आहे.

उघड्या पटांगणातले कार्यक्रम रात्री दहाच्या आत आवरतात, त्याला कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. बंद सभागृहाला ही अडचण नसते.

भाषणाचा व्हिडिओ टाकला तर चालतो का?

इथं बहुतेकांचा गैरसमज असतो. कार्यक्रम फुकट होता, म्हणजे भाषणही कुणाचंच नाही, असं नसतं. कॉपीराइट कायदा १९५७ मधल्या कलम १७ प्रमाणे सार्वजनिक भाषणाचा पहिला हक्क साधारणपणे भाषण करणाऱ्याचा असतो. शिवाय याच कायद्यानं व्याख्यान देणाऱ्याला गायक-नटांप्रमाणे 'कलाकारां'त धरलं आहे, त्यामुळे ध्वनिमुद्रणाबाबतही त्याला हक्क आहेत. कविता वाचली गेली असेल तर कवीचा हक्क वेगळा.

दुसरीकडे, सार्वजनिक व्याख्यानाची बातमी देणं कायद्याला मान्य आहे. वक्ता काय म्हणाला ते आपल्या शब्दांत लिहिणं, वार्तांकनापुरतं त्याचं म्हणणं देणं, यात अडचण नाही. पूर्ण भाषण चित्रित करून आपल्या चॅनेलवर टाकायचं असेल तर वक्त्याची आणि आयोजकांची परवानगी घ्यावी.

प्रश्न फक्त कायद्याचा नाही. तासाभराच्या व्याख्यानात वक्ता आधी विरोधकाची बाजू मांडतो आणि मग ती खोडतो. नेमका पहिला अर्धा मिनिट कापून पसरवला तर तो स्वतःच्या मताच्या उलट बोलताना दिसतो. सभागृहात बसलेल्याला पुढचं वाक्य माहीत असतं, फॉरवर्ड मिळालेल्याला नसतं. असा व्हिडिओ पुढं पाठवण्याआधी पूर्ण भाषण उपलब्ध आहे का ते पाहणं, हे आजच्या श्रोत्याचंच काम आहे. तुकडा कापला जाईल या धास्तीनं वक्ते जपून बोलू लागले, तर ऐकायला जाण्यासारखं थोडंच उरेल.

आणि पैसे कोण देतं?

प्रवेश विनामूल्य असला तरी सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, वक्त्याचा प्रवास आणि मानधन यांचा खर्च असतोच. तो बहुतेक ठिकाणी देणगीदार, एखाद्याच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवींचं व्याज आणि सभासदांची वर्गणी यांतून निघतो. दाराशी पुस्तकांचं टेबल किंवा देणगीची पेटी असते ती त्यासाठीच. व्याख्यान आवडलं तर ग्रंथालयाचं सभासद व्हावं, वक्त्याचं पुस्तक विकत घ्यावं, आणि पुढच्या वेळी जो कधी आलेला नाही अशा एकाला सोबत न्यावं. फलकावरची 'सर्वांना खुला' ही ओळ खरी व्हायला दीडशे वर्षांत अशीच एकेक खुर्ची वाढत गेली आहे.