शिक्का कोण मारतो?

मराठेशाहीतल्या राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा असायची आणि शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे मजकूर इथे संपला, आता खाली कोणी ओळ घुसवायची नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथलाच. यातली गोम अशी की शिक्का अर्जदाराच्या हाती नसे, सरकारच्या ताब्यात असे.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेस कोणाच्या तरी नावावर चालते. त्या मालकाचा एक क्रमांक असतो. शून्य म्हणजे रूट, सर्वाधिकारी. साध्या माणसाला कधीतरी मोठं काम करायचं असेल तर? डेनिस रिचीने तोडगा काढला: प्रोग्रॅम चालवणारा कोणीही असो, तो मालकाच्या अधिकाराने चालेल. 1973 मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, 1979 मध्ये ते मिळालं. पण हे अधिकार उसने देणं झालं, आणि उसनवारीत धोका असतोच.

1983 च्या 4.2 बीएसडीमध्ये एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेसना बोलण्यासाठी लोकल सॉकेट आलं. आता अधिकार उसने घ्यायची गरज नाही. अधिकारी प्रोसेसकडे विनंती करायची. पण विनंती करणारा कोण? ‘मी अमुक’ असं त्यानेच लिहिलेलं काय कामाचं? 1999 च्या लिनक्स 2.2 मध्ये उत्तर होतं: पाठवणाऱ्याचा प्रोसेस, युजर आणि ग्रुप क्रमांक कर्नल स्वतः तपासून देतो. खोटा क्रमांक लावायला आधीच विशेष अधिकार लागतात.

सोय होती, पण शिक्का बघायला तर हवा! नवं उपकरण जोडलं की कर्नल युडेव्हला सॉकेटवरून कळवतो. युडेव्ह रूट म्हणून चालायचा आणि निरोप कर्नलचाच आहे असं धरून चालायचा. तो निरोप कोणीही पाठवू शकत होतं. 2009 मध्ये सेबास्टियन क्रामरने हे दाखवलं. अँड्रॉइडमध्येही तीच चूक निघाली. 2010 मध्ये हौशी मंडळींनी त्यातून स्वतःचे फोन रूट केले. 2011 मध्ये ड्रॉइडड्रीम नावाच्या मालवेअरने तीच वाट वापरली, तीही गूगलच्या अधिकृत अँड्रॉइड मार्केटमधल्या अ‍ॅप्समधून.

पोलकिटची गोष्ट आणखी मजेशीर. हा लिनक्सवरचा परवानगी देणारा कारकून. तो शिक्का बघायचा. पण विनंती करणारी प्रोसेस मध्येच मारली, तर ‘हा कोण?’ याला उत्तरच यायचं नाही, आणि एका ठिकाणी पोलकिट त्या शून्य उत्तराला रूट समजायचा. 2013 मध्ये शिरलेली ही चूक केव्हिन बॅकहाउसने शोधली आणि 2021 मध्ये ती दुरुस्त झाली.

परभणीच्या बसस्टँडवर बसून तुम्ही हे ज्या अँड्रॉइड फोनवर वाचताय, त्यातल्या जवळपास प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा वेगळा युजर क्रमांक आहे. टॉर्चच्या अ‍ॅपने बँकेच्या अ‍ॅपची फाइल उघडू नये, ही हमी त्या क्रमांकावर उभी आहे. कर्नल शिक्का चोख मारतो. तो वाचायचा, आणि शिक्का नसेल तर ‘नाही’ म्हणायचं, हे मात्र कोड लिहिणाऱ्याने करायचं असतं.