‘सांगणं’ आणि ‘दिसणं’: वेबला आपली जागा कशी कळायला लागली

लँडलाइनवर आपण आधी विचारायचो, ‘कोण बोलतंय?’ मोबाइलवर विचारतो, ‘कुठे आहेस?’ साधं कारण आहे. लँडलाइनची जागा पक्की होती, फोन कोण उचलेल ते ठाऊक नसायचं. मोबाइलचं बरोब्बर उलट. आता या दुसऱ्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो तेही बघा. अजून चपला घालायच्या असतात आणि आपण सांगतो, ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतोच.’ आपण कुठे आहोत हे ‘सांगायचं’ असतं, आणि सांगायचं असतं म्हणूनच ते थोडं इकडेतिकडे करता येतं.

माझ्या संशोधनाचा विषय थोडक्यात असा: वेबच्या इतिहासात हे ‘सांगणं’ मागे कसं पडलं आणि त्या जागी नुसतं ‘दिसणं’ कसं आलं? नेहमीचं उत्तर असतं, ‘तंत्रज्ञान आलं, झालं.’ मला ते पुरेसं वाटत नाही. का, ते सांगतो.

तंत्रज्ञान आधी बघू. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९६ मध्येच मोबाइल कंपन्यांना सांगितलं होतं की आपत्कालीन ९११ नंबरवर फोन करणारा कुठे आहे हे शोधता आलं पाहिजे. जीपीएस उपग्रहही होतेच, पण सामान्य वापरासाठी त्यांचा सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असायचा. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. मे २०००च्या सुरुवातीला, अध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने, हा बिघाड बंद झाला. एका रात्रीत जगभरातली यंत्रं काही पटींनी अचूक झाली. पुढे फोनने आजूबाजूचे मोबाइल टॉवर आणि वाय-फायची नावं ओळखून, घरात बसूनही जागा सांगायची युक्ती शिकून घेतली. २००९ पासून ब्राउझरमधूनच वेबसाइट विचारू लागल्या, ‘तुमचं लोकेशन वापरू का?’

म्हणजे हत्यारं तयार होती. पण गंमत अशी की या विषयातला पहिला गाजलेला प्रयोग यातलं काहीच वापरत नव्हता.

त्याचं नाव डॉजबॉल. डेनिस क्राउली आणि अ‍ॅलेक्स रेनर्ट या दोघांनी न्यूयॉर्क विद्यापीठातला आपला प्रबंध-प्रकल्प म्हणून २००४ मध्ये तो नव्याने उभा केला. रीत सोपी: तुम्ही एखाद्या कॅफेत बसलात की त्या जागेचं नाव एसएमएसने पाठवायचं. मग तुमच्या मित्रांना संदेश जायचा, आणि जवळपास असलेल्या मित्रांच्या मित्रांनाही. जीपीएस नाही, काही नाही. जागा यंत्राला कळत नव्हती. माणूस सांगत होता. २००५ मध्ये गूगलने डॉजबॉल विकत घेतलं, २००७ मध्ये दोघं संस्थापक बाहेर पडले आणि २००९ मध्ये गूगलने ते बंद केलं.

२००९ हे वर्ष लक्षात ठेवा, कारण त्या वर्षी दोन वाटा समोरासमोर आल्या. फेब्रुवारीत गूगलने ‘लॅटिट्यूड’ आणलं: मित्रांचे ठिपके नकाशावर आपोआप हलताना दिसायचे. मार्चमध्ये क्राउलीने नवीन सेल्वादुराई यांच्यासोबत ‘फोरस्क्वेअर’ आणलं. त्यात ‘चेक-इन’ करायचं, म्हणजे बटण दाबून मी इथे आहे असं जाहीर करायचं. एखाद्या जागी गेल्या साठ दिवसांत सगळ्यांत जास्त दिवस चेक-इन केलं, तर तुम्ही तिथले ‘मेयर’!

तांत्रिकदृष्ट्या लॅटिट्यूड वरचढ होतं, पण चर्चा फोरस्क्वेअरचीच झाली. असं का? माझ्या मते, चेक-इन हे बोलणं होतं. ‘मी या नाटकाला आलोय’ असं जाहीर करण्यात मिरवणं आहे, आमंत्रण आहे, आणि कुठे गेलो ते न सांगण्याची मुभाही आहे. दवाखान्यात गेलो तर चेक-इन करायचं नाही, विषय संपला. हलणाऱ्या ठिपक्याला ही निवड दर वेळी करता येत नाही. लॅटिट्यूडमध्ये जागा लपवता यायची, फक्त शहरापुरती दाखवता यायची, हवी ती स्वतः ठरवताही यायची. पण ठिपका गायब झाला की ‘का लपवलंस?’ हा प्रश्न उभा राहतोच. २०१३ मध्ये लॅटिट्यूड बंद झालं.

बोलण्यालाही धोके होतेच. फेब्रुवारी २०१० मध्ये नेदरलँड्सच्या काही तरुणांनी ‘प्लीज रॉब मी’ नावाची साइट काढली. लोकांनी ट्विटरवर टाकलेले चेक-इन ती एका यादीत मांडायची आणि सुचवायची की बघा, यांचं घर आत्ता रिकामं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेसबुकने ‘प्लेसेस’ आणलं. त्यात तुमचा मित्र स्वतःबरोबर तुम्हालाही चेक-इन करू शकत होता. तुमच्या जागेबद्दल आता दुसराच कोणी बोलू लागला.

आणि खरं वळण यानंतरचं आहे. २०१४ मध्ये फोरस्क्वेअरने चेक-इन ‘स्वॉर्म’ नावाच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये हलवलं. मूळ अ‍ॅप, तुम्ही काही न दाबता, जागा ओळखून सुचवण्या देऊ लागलं. २०१६ मध्ये कंपनीने, ग्राहकांच्या पावलांच्या हिशेबावरून, ‘चिपोटले’ या खाद्यसाखळीची तुलनात्मक तिमाही विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरल्याचा अंदाज आधीच जाहीर केला. प्रत्यक्ष आकडा निघाला २९.७! मित्रांना भेटण्यासाठी सुरू झालेली गोष्ट दुकानदारीचं मोजमाप झाली. ठिपका परत आला होता. या खेपेला तो मित्रांना दिसत नव्हता, फक्त कंपनीला दिसत होता. म्हणून ‘का लपवलंस?’ विचारणारंही कोणी उरलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: तंत्रज्ञानाने ‘सांगणं’ संपवलं नाही. लोकांनी दिसण्यापेक्षा सांगणंच पसंत केलं होतं. बदल झाला तो, न सांगितलेली जागा विकण्यासारखी आहे हे कळल्यावर.

‘मग काय बिघडलं?’ असं विचाराल, तर न्यायालयांकडे बघा. २०१८ च्या ‘कार्पेंटर’ खटल्यात पोलिसांकडे एका माणसाच्या १२७ दिवसांच्या १२,८९८ नोंदी होत्या, त्याही मोबाइल टॉवरच्या. अशा नोंदी घ्यायला सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. फ्रँक व्हायटस या आरोपीला दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन देताना अट घातली: गूगल मॅपवर पिन टाकून आपली जागा तपास अधिकाऱ्याला कळवायची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे गूगलने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की पिन टाकल्याने माणसाचा क्षणोक्षणी माग काढता येत नाही. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी अट रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या खाजगीपणाच्या हक्कावर घाला, असं त्यांनी म्हटलं.

बघा, पिन म्हणजे ‘सांगणं’ आणि माग म्हणजे ‘दिसणं’. वीस वर्षांत वेबने पुसट केलेला फरक त्या निकालात पुन्हा ठळक झाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही लाइव्ह लोकेशन पाठवता तेव्हा ते विचारतं: १५ मिनिटं, १ तास की ८ तास? या प्रश्नात तुमचं सांगणं अजून शिल्लक आहे. एकदा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘नेहमी परवानगी’ दिलेल्या अ‍ॅपची यादी बघा. त्यातल्या किती जणांनी तुम्हाला ‘कुठे आहेस?’ असं विचारलं होतं?