चला, अलाबामावर हजर व्हा!

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मोबाइल शहराजवळच्या खाडीत 680 फूट लांबीची एक युद्धनौका उभी आहे. नाव राज्याचंच, यूएसएस अलाबामा. ती भंगारात निघाली होती, तेव्हा राज्यातल्या शाळकरी पोरांनीही चिल्लर जमवून तिला घरी आणायला हातभार लावला. 1965 पासून बॅटलशिप मेमोरियल पार्कमध्ये ती लोकांना बघायला खुली आहे. तिकीट काढा आणि शिडी चढा. मात्र डेकवर पाय ठेवताना जरा जपून, कारण तिथे 1944 सालचा जून महिना चालू आहे. खाडी गायब. आता चहूबाजूंनी पॅसिफिक महासागर, आणि तुम्ही एकोणीस वर्षांचे खलाशी.

आधी अंगावर येतो तो उकाडा. लोखंड तापलंय, कठड्याला हात लावलात तर चटकाच बसेल. इंधन तेल, ताजा रंग, कॉफी आणि घाम यांचा मिळून एक वास नाकात बसतो आणि तो काही केल्या उतरत नाही. जहाजावर अडीच हजार माणसं आहेत. त्यामुळे जेवायला रांग, दाढीला रांग, कपडे धुवायला टाकायला रांग. रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची आहे ते मागाहून कळतं.

ही नाश्त्याची निघाली. खण पाडलेल्या ताटात पडतात बीन्स. हो, सकाळी सकाळी! अमेरिकन नौदलाची ही जुनी रीत, तोंड वाकडं करून उपयोग नाही. पाव मात्र जहाजाच्याच भट्टीतला, अजून गरम. तो आधी उचला, शेजारच्याचं लक्ष आहे त्याच्यावर.

आंघोळ? करा की. पण गोडं पाणी समुद्राचं पाणी उकळून, वाफ धरून बनवलेलं असतं आणि त्यावर पहिला हक्क बॉयलरचा. अंग भिजवा, नळ बंद करा, साबण चोळा, नळ पुन्हा उघडा, पटकन बाहेर या. रेंगाळलात तर मागची रांग तुमचा उद्धार करेल.

झोपायला खाली बंक. साखळ्यांना टांगलेल्या लोखंडी चौकटी, त्यांवर कॅनव्हास, एकावर एक रचलेले. रेल्वेच्या थ्री-टियरमध्ये मधल्या बर्थवर झोपलेल्या माणसाला काय ते कळेल. फरक एवढाच की इथे स्टेशन येत नाही. वरच्याची पाठ तुमच्या नाकासमोर, खालच्याचं घोरणं कानात. म्हणून रात्री पुष्कळ जण उशी घेऊन सरळ उघड्या डेकवर येतात.

वर आलाच आहात तर तोफा बघून घ्या. तीन फिरते बुरूज, प्रत्येकात तीन तोफा, तोंडाचा व्यास 16 इंच. चिलखतभेदी गोळ्याचं वजन सव्वा टनाच्या घरात. बाजूने एक गडी धावत जातो, डेकला त्याच्या रोजच्या फेऱ्या चालू आहेत. निरखून बघा, तो बॉब फेलर! बेसबॉलमधला नावाजलेला पिचर, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर स्वतःहून नौदलात आलेला. इथे तो विमानविरोधी तोफेवरचा प्रमुख आहे. सही मागू नका, कारण...

भोंगा! सगळं जहाज एकदम पळायला लागतं. नियम पाठ करून ठेवा: वर किंवा पुढे जायचं तर उजव्या अंगाने, खाली किंवा मागे जायचं तर डाव्या अंगाने. चुकलात तर शे-दोनशे माणसं तुम्हाला तुडवत जातील. पँटचे पाय मोज्यात खोचा, शर्टाचं वरचं बटणही लावा. आगीचा झोत आला तर उघडी कातडी आधी भाजते. डोक्यावर हेल्मेट, अंगावर जाडजूड लाइफ जॅकेट, आतून घामाच्या धारा.

आणि मग? काहीच नाही. अलाबामाच्या रडारने शत्रूची विमानं पकडलीत ती जवळजवळ 260 किलोमीटरवर. ती येईस्तोवर उभं राहायचं. लढाईचा मोठा भाग हाच, वाट बघण्याचा. तोंडाला कोरड पडते. कुणीतरी विनोद करतो, कुणी हसत नाही.

मग आभाळ फाटतं. तुमचं काम एकच, चार गोळ्यांची क्लिप वरून तोफेत सारायची, लगेच दुसरी घ्यायची. पायाखालचा पत्रा थरथरतो, दात आपोआप वाजतात, दारूचा कडवट धूर घशात बसतो. आपण ओरडतोय की नाही, हे स्वतःलाही ऐकू येत नाही. पाच इंची तोफांच्या पाच नंबरच्या चौथऱ्याकडे जुने खलाशी क्षणभर बघतात. फेब्रुवारीत, अशाच एका धुमश्चक्रीत, आपल्याच नऊ नंबरच्या तोफांचा मारा त्याच्यावर झाला. पाच जण गेले. शत्रूला जे जमलं नाही, ते घाईने केलं.

शांत झालं की पुन्हा रांग. आता एवढ्यावर वैतागला असाल, तर याच पार्कात यूएसएस ड्रम ही पाणबुडी आहे, तिच्यात उतरा. सत्तरएक माणसं, टॉर्पेडोच्या अंगालाच बंक, पाऊल टाकावं तिथे डबाबंद अन्नाचे खोके. वरून पाण्याखाली फुटणारे बॉम्ब पडायला लागले की पंखे बंद, बोलणं बंद. भिंतींना घाम फुटतो आणि तो तुमच्या मानेवर गळतो. जेवण मात्र अलाबामापेक्षा चांगलं, ही एवढी एकच लाच.

रात्री पाणबुडी वर येते, झाकण उघडतं. तुम्ही हावरटासारखा श्वास घेता आणि नाक मुरडता. डिझेल, तळण आणि मोज्यांच्या वासात इतके मुरलात, की आता ताज्या हवेलाच वास मारतो! शेजारचा खलाशी हसून पाठीवर थाप मारतो. झालात तुम्ही पाणबुडीवाले.