जपानी शस्त्रांवरील अक्षरें

नांदेड येथें सचखंड हुजूर साहिबांत जुनीं शस्त्रें श्रद्धेनें जतन केलेलीं आहेत. कंधार, औसा व उदगीर येथील किल्ल्यांत फारसी शिलालेख आहेत. जुन्या वस्तूची खरी ओळख तिच्यावरील अक्षरांवरून पटते, ही गोष्ट मराठवाड्यास नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धानें मात्र एक अगदीं निराळी लिपि हिंदी शिपायांच्या दृष्टीस आणिली. ती जपानी लिपि होय.

त्या काळीं नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या राज्यांत मोडत. ८ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी सैन्य मलायांत कोटा भारू येथें उतरलें, तेव्हां तेथील विमानतळाच्या रक्षणास हैदराबाद संस्थानची एक पलटण होती. पुढें मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील सांगशाक येथें ५० व्या हिंदी छत्री ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढली. तेथें एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ एक नकाशा सांपडला. त्यावर कोहिमाकडे निघालेल्या ३१ व्या जपानी डिव्हिजनचे मार्ग दाखविलेले होते. त्याची नक्कल शत्रूच्या वेढ्यांतून इंफाळास पोंचविण्यांत आली. परक्या अक्षरांचा अर्थ लावण्यावर किती जणांचे प्राण अवलंबून असतात, हें यावरून ध्यानांत यावें.

१२ सप्टेंबर १९४५ रोजीं सिंगापुरास शरणागतीचा समारंभ झाला. जपानी अधिकाऱ्यांच्या तरवारी जेत्यांच्या हातीं आल्या आणि त्या स्मृतिचिन्हें म्हणून देशोदेशीं गेल्या. त्यांवरील लेख वाचावयाचे ते कसे?

आरंभ सनापासून करावा. सम्राट हिरोहितो यांच्या कारकीर्दीस ‘शोवा’ असें नांव असून तिचें पहिलें वर्ष १९२६ हें होय. म्हणून शोवा वर्षांत १९२५ मिळविले कीं इसवी सन येतो. शोवा १८ म्हणजे १९४३. निजामी अमदानींतील दस्तऐवज पाहिलेल्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं. तेथें फसली सनांत ५९० मिळवून इसवी सन काढीत. जपानांत आणखी एक गणना होती. तींत इसवी सनापूर्वीं ६६० हें राज्यस्थापनेचें वर्ष धरीत. बंदुकीचा ‘नमुना ९९’ म्हणजे त्या गणनेचें २५९९ वें, अर्थात् १९३९ हें वर्ष.

तरवारीवर कारागिराचें नांव असेल तर तें मुठींत दडलेल्या पात्याच्या शेवटावर कोरलेलें असतें. मुठींतील बांबूची खुंटी हलकेंच काढली म्हणजे तें दिसतें. तेथील गंज घांसूं नये. पात्याचें वय त्यावरून ताडतां येतें, आणि घांसण्यानें नांवही पुसून जातें. युद्धकाळांतील पुष्कळ पातीं कारखान्यांत झालेलीं आहेत. त्यांवर बारीक शिक्का दिसतो. सारीच पातीं पुरातन समजणारा गिऱ्हाईक हटकून फसतो.

सर्वांत अवघड काम निशाणांचें. सैन्यांत जाणाऱ्या तरुणास आप्तेष्ट सूर्यबिंबाच्या निशाणावर सह्या करून देत. त्यावर ‘युद्धांत भाग्य चिरकाल लाभो’ या अर्थाचीं चार अक्षरें बहुधा ठळक असतात; बाकीचा मजकूर कुंचल्यानें भरभर लिहिलेला. बाळबोध उत्तम वाचणाराही मोडी कागदापुढें अडतो, तशीच गति येथें छापील जपानी वाचणाऱ्याची होते. शिवाय एकाच अक्षराचे उच्चार अनेक असल्यानें नांवाचें अक्षर कळलें तरी उच्चार ठरत नाहीं. आणि गांवाचा उल्लेख पुष्कळदां नसतोच.

तरीही हा खटाटोप व्यर्थ जात नाहीं. अमेरिकेंतील ओबॉन सोसायटी ही संस्था २००९ पासून अशीं निशाणें मूळ कुटुंबांकडे परत पोंचवीत आहे. युद्धानंतर कित्येक जपानी घरीं मुलाच्या अस्थींऐवजीं केवळ दगड घातलेली पेटी आली होती. अशा घरीं आईबापांनीं, शेजाऱ्यांनीं व शाळासोबत्यांनीं सह्या केलेलें कापड परत येतें, तेव्हां हरवलेल्या मुलाची तेवढीच एक खूण घरीं पोंचते. एके काळीं जें विजयचिन्ह म्हणून भिंतीवर टांगलें होतें, त्यावरील नांव वाचणारा कोणी भेटला, म्हणूनच हें घडतें.