तू, तुम्ही आणि एक सर्वनाम

परवा टोरांटोच्या मामेबहिणीशी फोनवर तासभर बोलले. तिचं सतरा वर्षांचं लेकरू म्हणतंय, मला 'तो' नको, 'ती' नको, 'दे' म्हणा. "इंग्रजीत जीभ वळते गं, पण मराठीत काय करू? जेवलास म्हणू की जेवलीस?" मी गप्प. आपल्याकडे 'मी गेलो' म्हटलं तरी लिंग कळतंच!

मग तिकडचा जुना वाद आठवला. मे २०१६ मध्ये कॅनडाच्या संसदेत सी-१६ विधेयक आलं. मानवाधिकार कायद्यात आणि द्वेषगुन्ह्यांच्या कलमांत 'लिंगओळख व तिची अभिव्यक्ती' हे शब्द घालायचे, एवढंच. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉर्डन पीटरसन बिथरले. त्यांचं म्हणणं असं, की एखादा शब्द बोलायला बंदी करणं वेगळं आणि सरकारनं ठरवलेला शब्द तोंडात कोंबणं वेगळं. त्याच विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक ब्रेंडा कॉसमन म्हणाल्या, चुकीचं सर्वनाम वापरलं म्हणून यात कुणी तुरुंगात जात नाही. सेनेटमध्ये ६७ विरुद्ध ११ मतांनी विधेयक मंजूर झालं, जून २०१७ मध्ये कायदा झाला. त्यात 'सर्वनाम' हा शब्दच नाही!

म्हणजे पीटरसन यांची भीती अगदीच पोकळ? तसंही नाही. २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणानं, प्रांताच्या कायद्याखाली, एका उपाहारगृहातल्या नोकराला तीस हजार डॉलर भरपाई दिली. वरचा माणूस सांगूनही मुद्दाम 'ती' म्हणत राहिला, आणि तक्रार केल्यावर नोकरीच गेली. तुरुंग नाही, पण शब्दाची किंमत पडली. मला तो निकाल पटतो. रोजच्या कामाच्या जागी मुद्दाम टोचत राहणं म्हणजे मतस्वातंत्र्य नव्हे. पण वर्गात, लेखात, वादात कुणी 'मला हे पटत नाही' म्हणालं, तर ते म्हणू द्यायला हवं.

गंमत म्हणजे हे भांडण साडेतीनशे वर्षं जुनं आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात मोठ्यांना 'यू' आणि बरोबरीच्यांना, धाकट्यांना 'दाऊ' म्हणत, आपल्या तुम्ही-तूसारखंच. क्वेकर पंथाचे लोक म्हणाले, देवापुढं सगळे सारखे, म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ'च. थॉमस एलवूड या तरुणाला तर त्याच्या बापानंच झोडपलं होतं, डोक्यावरची टोपी काढत नाही आणि बापाला 'दाऊ' म्हणतो म्हणून. हाच एलवूड पुढं आंधळ्या मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवत असे.

तेव्हा मान मागणारे मोठे होते आणि नकार देणारे लहान. आज मान मागणारं सतरा वर्षांचं आहे. ताकद कुणाच्या हातात आहे हे पाहिल्याशिवाय अशा भांडणात बाजू घेऊ नये, एवढं मला त्या बापलेकांवरून कळलं.

असो. काल बहिणीचा पुन्हा फोन आला. तिनं तोडगा काढलाय. आता ती विचारते, "जेवण झालं का?" लेकरू म्हणतं, "झालं." कुठल्या कायद्यात हे बसेल, सांगा बरं!